वर्कस्टेशन सुरू होतानाची हार्डवेअर तपासणी : नव्याने काम शिकणाऱ्यांसाठी

वर्कस्टेशनचे बटण दाबल्यापासून पडद्यावर विंडोज किंवा लिनक्स दिसू लागेपर्यंत ते यंत्र आपले बहुतेक भाग एकदा तपासून पाहते, आणि काही बिघडले असेल तर ते सांगण्याचा प्रयत्नही करते. हे सांगणे कधी दिव्याच्या उघडझापीतून होते, कधी बीपमधून, कधी पडद्यावरच्या एखाद्या आकड्यातून. वागळे इस्टेट, रबाळे, महापे किंवा बेलापूरच्या लहान कार्यालयांमध्ये, जिथे दोन-चार वर्कस्टेशनवर नकाशे, साच्यांची डिझाइने किंवा रेंडरिंगची कामे चालतात, तिथे यंत्र बंद पडले की सगळे काम थांबते आणि तांत्रिक मदतीला आलेल्या नव्या मुलामुलींवर घाई करण्याचे दडपण येते. त्या घाईत कॅबिनेट उघडून रॅम काढणे, पुसणे, परत बसवणे हेच पहिले काम ठरते. माझा आग्रह नेमका याच्या उलट आहे. यंत्र काय सांगते आहे ते आधी वाचावे, लिहून घ्यावे आणि मगच त्याला हात लावावा, कारण एकदा भाग हलवले की मूळ दोषाची खूण पुसली जाते आणि दोष आठवड्याभराने परत आला तरी तो कशाने गेला होता हे कोणालाच सांगता येत नाही.

तक्रार नीट ऐकून घेणे

“मशीन चालू होत नाही” ही तक्रार प्रत्यक्षात चार वेगवेगळ्या परिस्थितींसाठी केली जाते. पहिल्या परिस्थितीत बटण दाबूनही एकही दिवा लागत नाही आणि पंखा फिरत नाही. दुसरीत पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही. तिसरीत कंपनीचे बोधचिन्ह येते आणि यंत्र तिथेच थांबते किंवा एखादा संदेश दाखवते. चौथीत विंडोज सुरू होऊ लागते आणि मध्येच यंत्र पुन्हा रीस्टार्ट होते. पहिलीत संशय वीजपुरवठ्यावर आणि एसएमपीएसवर, म्हणजे यंत्राच्या भागांना वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्यावर, जातो. दुसरीत मेमरी, ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर किंवा मदरबोर्ड यांच्यापैकी कोणावर तरी तो येतो. तिसरीत बहुधा डिस्क किंवा बायोसमधील, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममधील, मांडणी (सेटिंग) यांच्याकडे पाहावे लागते, तर चौथीत हार्डवेअरइतकेच सॉफ्टवेअरही दोषी असू शकते. त्यामुळे वापरणाऱ्या व्यक्तीला शांतपणे विचारावे, की आपल्याला नेमके काय दिसले, ते केव्हापासून होते आहे आणि त्याआधी काही बदलले होते का. नवीन रॅम टाकली होती, बायोस अपडेट केला होता, टेबल हलवले होते किंवा रात्री वीज गेली होती, यांपैकी एखादे उत्तर अर्धे काम करून टाकते.

यंत्र कोणत्या क्रमाने तपासणी करते

या स्वतपासणीला पोस्ट (पॉवर-ऑन सेल्फ टेस्ट) म्हणतात आणि १९८१ साली आलेल्या पहिल्या आयबीएम पीसीपासून ती संगणकांत आहे. त्या काळी मेमरीत दोष असेल तर पडद्यावर २०१ आणि कीबोर्डमध्ये असेल तर ३०१ असा आकडा येत असे. आजची तपासणी पुष्कळ विस्तारलेली असली तरी तिचा क्रम फारसा बदललेला नाही. एसएमपीएसमधील विद्युतदाब स्थिर झाले की तो मदरबोर्डला तसा संकेत देतो. त्यानंतर प्रोसेसर जागा होतो आणि मदरबोर्डवरील चिपमधला बायोस, म्हणजे आजच्या यंत्रांतील यूईएफआय, चालवू लागतो. मग मेमरी ओळखून तिची जुळणी केली जाते, विस्तार-कार्डे शोधली जातात, ग्राफिक्स कार्ड कामाला लागते, कीबोर्ड, माउस आणि डिस्क यांची नोंद घेतली जाते आणि शेवटी बूट करण्याजोगी डिस्क शोधली जाते.

हा क्रम नवशिक्याने पाठच करावा, कारण त्यातून एक महत्त्वाची गोष्ट आपोआप कळते. मेमरी आणि ग्राफिक्स तयार होईपर्यंत यंत्राला पडद्यावर काहीही लिहिता येत नाही, म्हणून त्याआधीचे सगळे दोष ते दिव्यांनी किंवा बीपने सांगते. पडदा काळा असेल तर पडद्याकडे पाहत बसण्याऐवजी बटणाजवळच्या दिव्याकडे पाहावे. उलट पडद्यावर एक अक्षर जरी उमटले, तरी प्रोसेसर, मेमरी आणि ग्राफिक्स यांनी किमान काम केलेले आहे, एवढे धरून चालता येते.

हात लावण्यापूर्वीची तयारी

यंत्र थोडेफार जरी चालत असेल तर सर्वांत आधी चालू कामाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे घ्यावी. दुखणाईत डिस्कवर लांबलचक चाचणी चालवणे हाच तिच्यावरचा शेवटचा ताण ठरू शकतो, त्यामुळे प्रत घेण्याआधी डिस्कची चाचणी सुरू करू नये.

दुसरी बाब बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरील माहिती सांकेतिक रूपात ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची, आहे आणि ती मी ठळकपणे सांगतो, कारण तिने भल्याभल्यांची अडचण केली आहे. विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल आणि आपण बायोसमध्ये सिक्युअर बूट (फक्त विश्वासार्ह सही असलेले सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय) बंद केले किंवा मदरबोर्ड बदलला, तर पुढच्या वेळी यंत्र ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ही की वापरकर्त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात किंवा कंपनीच्या व्यवस्थापन खात्यात असते. ती हाताशी आल्याशिवाय बायोसमधले काहीही बदलू नये, आणि विंडोज सुरू होत असेल तर आधी बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे.

मग वीजजोडणी पाहावी. घरगुती ६ अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला जास्तीत जास्त १३८० वॅट घेता येतात, आणि मोठे ग्राफिक्स कार्ड असलेले वर्कस्टेशन, दोन मॉनिटर आणि वर एखादा प्रिंटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर असतील तर ही मर्यादा दूर राहत नाही. साध्या डेस्कटॉपसाठी घेतलेला ६०० व्हीएचा यूपीएस अशा यंत्राचा पूर्ण भार पेलत नाही. भार वाढताच तो यंत्र बंद पाडतो आणि दोष मात्र मदरबोर्डच्या माथी मारला जातो. म्हणून तपासणीच्या वेळी यंत्र यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड यांना वगळून भिंतीतल्या १६ अँपिअरच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटला जोडून पाहावे. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तिथेच थांबून इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

आपल्या भागातल्या हवेचाही विचार करावा लागतो. खाडीकाठची दमट हवा पावसाळ्यात धातूच्या संपर्कबिंदूंना मानवत नाही, आणि रात्रंदिवस एसी चालू असलेल्या खोलीतून यंत्र एकदम बाहेरच्या दमट मार्गिकेत आणले की त्याच्या थंड पृष्ठभागावर बाष्प धरते. असे यंत्र हलवल्यानंतर निदान तासभर तरी विजेला जोडू नये. घोडबंदर रस्त्यालगतच्या कार्यालयांत बांधकामांची धूळ पंख्यांत आणि जाळ्यांत इतकी साचते, की सुरुवातीलाच पंख्याच्या दोषाचा संदेश येतो. तो आला तर पुढची कोणतीही चाचणी करण्याआधी यंत्र बंद करून धूळ काढावी.

शेवटी पेन ड्राइव्ह, डोंगल, बाहेरच्या डिस्क, कार्ड रीडर असे सगळे जोड काढावेत. त्याआधी मागच्या बाजूचा फोटो मोबाइलवर घ्यावा. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला नसून ग्राफिक्स कार्डच्या पोर्टला आहे ना, हेही याच वेळी पाहावे. वर्कस्टेशनच्या पुष्कळ प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसते आणि अशा यंत्रात मदरबोर्डचा पोर्ट काहीच दाखवत नाही.

दिवे आणि बीप वाचणे

आता यंत्र बंद करावे, विजेची केबल काढावी, उरलेला विद्युतभार निघून जाण्यासाठी पॉवरचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरावे, केबल परत जोडावी आणि मोबाइलवर बटणाजवळच्या दिव्याचे व्हिडिओ चित्रण सुरू ठेवून यंत्र चालू करावे. उघडझाप वेगाने होते आणि मोजताना चूक होते. व्हिडिओ पुन्हा पाहून मोजता येतो आणि पुढे कंपनीच्या सेवा-अभियंत्याला दाखवताही येतो.

संकेतांचा अर्थ कंपनीनुसार आणि मॉडेलनुसार बदलतो, म्हणून त्या मॉडेलची सेवा-पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावरून आधीच उतरवून ठेवावी. तरी अंदाज यावा म्हणून काही उदाहरणे देतो. डेलच्या अलीकडच्या पुष्कळ यंत्रांत दिवा आधी नारिंगी आणि मग पांढरा चमकतो. दोन नारिंगी व एक पांढरा म्हणजे प्रोसेसरचा दोष, दोन व तीन म्हणजे मेमरी सापडली नाही, दोन व चार म्हणजे मेमरीत दोष, तर तीन व एक म्हणजे मदरबोर्डवरील नाण्यासारखी बॅटरी संपली आहे. एचपीच्या व्यावसायिक यंत्रांत आधी लांब लाल आणि मग आखूड पांढरी उघडझाप होते. तिथे तीन व दोन हा संकेत मेमरीच्या जुळणीत यंत्र अडकल्याचे सांगतो, आणि तीन व तीन हा ग्राफिक्सपाशी अडकल्याचे. जुळवून घेतलेल्या, म्हणजे असेंबल केलेल्या यंत्रांच्या पुष्कळ मदरबोर्डवर प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स आणि बूट अशा चार नावांचे चार छोटे दिवे असतात. जो दिवा लागून राहतो, तिथे तपासणी थांबलेली असते. महागड्या मदरबोर्डवर दोन अंकी आकडा दाखवणारी खिडकीही असते. त्या आकड्याचा अर्थ मदरबोर्डच्या पुस्तिकेतील तक्त्यात मिळतो.

इथे धीर फार महत्त्वाचा आहे. नवीन रॅम टाकल्यावर किंवा बायोस अपडेट केल्यावर पहिल्यांदा यंत्र सुरू होताना मेमरीची जुळणी नव्याने केली जाते, आणि मोठ्या क्षमतेच्या डीडीआर५ मेमरीला त्यासाठी कित्येक मिनिटे लागू शकतात. तोपर्यंत पडदा काळाच राहतो आणि मेमरीचा दिवा लागलेला असतो. यंत्र बिघडले असे समजून कोणी मध्येच बटण दाबून ते बंद केले, तर जुळणी पहिल्यापासून सुरू होते आणि नसलेल्या दोषाचा शोध लागत राहतो. अशा वेळी निदान पंधरा मिनिटे यंत्राला हात लावू नये.

कंपनीने दिलेली निदानसाधने

पडदा दिसत असेल तर पुढची पायरी सोपी आहे. डेलच्या यंत्रात सुरू होताना एफ१२ दाबल्यावर येणाऱ्या यादीत डायग्नोस्टिक्स हा पर्याय असतो. एचपीच्या यंत्रात एस्केप दाबून मग एफ२ दाबावे. लेनोवोच्या बहुतेक थिंकस्टेशनमध्ये एफ१० दाबल्यावर निदानसाधन उघडते. ही साधने विंडोजवर अवलंबून नसतात, त्यामुळे त्यांच्यात दिसलेला दोष हा विंडोजचा नव्हे, एवढे नक्की सांगता येते.

कळ दाबूनही काही होत नसेल तर विंडोजमधील फास्ट स्टार्टअपची आठवण ठेवावी. ही सोय चालू असते तेव्हा शट डाउन केल्यावर यंत्र पूर्ण बंद होत नाही, तर आपल्या अवस्थेचा काही भाग डिस्कवर साठवून ठेवते आणि पुढच्या वेळी तो उचलते. म्हणून शट डाउनऐवजी रीस्टार्ट करावे, किंवा शिफ्टची कळ दाबून धरून शट डाउन निवडावे. शिवाय बायोसमध्येही फास्ट बूट नावाचा निराळा पर्याय असतो, ज्यामुळे पोस्टमधील काही तपासण्या वगळल्या जातात. डेलच्या यंत्रांत तो मिनिमलवरून थरोवर आणावा आणि मग यंत्र पुन्हा सुरू करून पाहावे.

आधी झटपट चाचणी आणि मग सविस्तर चाचणी, असा क्रम ठेवावा. दोष सापडला की पडद्यावर सांकेतिक क्रमांक येतो. उदाहरणार्थ, डेलमध्ये २०००-०१२३ हा मेमरीचा आणि २०००-०१४२ हा डिस्कचा दोष आहे, तर एचपीमध्ये २४ अक्षरांची लांब ओळख येते. या क्रमांकाचा फोटो काढावा आणि यंत्राचा सर्व्हिस टॅग किंवा सीरियल क्रमांकही सोबत लिहावा. यंत्र वॉरंटीत असेल तर इथेच थांबून कंपनीकडे तक्रार नोंदवणे योग्य. सांकेतिक क्रमांक दिला की बहुतेक वेळा पुढची प्रश्नोत्तरे टळतात आणि बदलायचा भाग थेट पाठवला जातो.

मेमरीची सखोल चाचणी

मेमरीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथे आहेत. पोस्टच्या वेळी मेमरी ओळखली जाते आणि तिची वरवर पाहणी होते, पण प्रत्येक पेशी निरनिराळ्या नमुन्यांनी भरून वाचली जात नाही. त्यासाठी वेगळे साधन लागते. विंडोजमध्ये मेमरी डायग्नोस्टिक हे अंगभूत साधन आहे आणि ते रीस्टार्टनंतर चालते, पण माझा भर मेमटेस्ट८६ प्लस या मुक्त साधनावर आहे. २०२२ मध्ये आलेल्या त्याच्या सहाव्या आवृत्तीपासून ते यूईएफआय यंत्रांवरही चालते. ते पेन ड्राइव्हवर घ्यावे आणि बूटच्या यादीतून सुरू करावे. सिक्युअर बूटमुळे ते अडले, तर वर सांगितलेली बिटलॉकरची काळजी घेऊन मगच सिक्युअर बूट तात्पुरते बंद करावे. ६४ जीबी मेमरीला एक पूर्ण फेरी करायलाही काही तास लागू शकतात, म्हणून संध्याकाळी चाचणी लावून सकाळी निकाल पाहणे सोयीचे.

निकालात एकही चूक दिसली तरी ती चूकच आहे, “एवढे चालते” असे मेमरीच्या बाबतीत नसते. मात्र चूक दिसली म्हणजे रॅमची पट्टीच खराब, असेही लगेच म्हणू नये. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू असेल तर मेमरी प्रमाणित वेगापेक्षा जास्त वेगाने चालते. ते बंद करून चाचणी पुन्हा लावावी. चुका थांबल्या तर दोष वेगाच्या मांडणीचा आहे. थांबल्या नाहीत तर एकच पट्टी पुस्तिकेत सांगितलेल्या पहिल्या स्लॉटमध्ये बसवून चाचणी घ्यावी, मग त्याच स्लॉटमध्ये दुसरी, असे करत जावे. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी खराब, आणि कोणतीही पट्टी टाकली तरी त्याच स्लॉटमध्ये चूक येत असेल तर स्लॉट, मदरबोर्ड किंवा प्रोसेसरच्या पिनांकडे पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा नियम इथे कधीही मोडू नये.

वर्कस्टेशनमध्ये पुष्कळदा ईसीसी मेमरी असते. ती एका बिटाची चूक स्वतःच दुरुस्त करते, त्यामुळे वापरणाऱ्याला काहीच जाणवत नाही आणि दोष महिनोन्‌महिने दडून राहतो. अशा दुरुस्तीची नोंद विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया लॉगर (WHEA-Logger) या नावाखाली आणि लिनक्समध्ये ईडॅक (EDAC) या चुका नोंदवणाऱ्या सोयीच्या नोंदींत मिळते. एखाद-दुसरी नोंद चिंतेची नाही, पण त्याच पट्टीच्या नावावर नोंदी वाढत असतील तर यंत्र बंद पडण्याची वाट न पाहता ती बदलावी. रजिस्टर्ड आणि अनबफर्ड या दोन प्रकारच्या पट्ट्या एकत्र चालत नाहीत, हे खरेदीपूर्वीच तपासावे. लॅमिंग्टन रोडवरून घाईने आणलेली पट्टी परत करायला जाण्यात पूर्ण दिवस मोडतो.

पट्टीचे सोनेरी संपर्क खोडरबराने घासण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. मला ती मान्य नाही. त्या सोन्याचा थर अतिशय पातळ असतो, खोडरबर तो झिजवते आणि त्याचा भुगा स्लॉटमध्ये अडकतो. वीजकेबल काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातला स्थिरभार घालवावा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने संपर्क हलकेच पुसावेत. पूर्ण वाळल्यावरच पट्टी बसवावी, दोन्ही टोके टक असा आवाज होऊन बसेपर्यंत.

डिस्क, वीज आणि उष्णता

डिस्कच्या स्मार्ट (SMART) नोंदींमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवते त्या नोंदींमध्ये, नवशिक्याने ५, १९७, १९८ आणि १९९ हे चार क्रमांक पाहावेत. पहिले तीन सदोष किंवा संशयास्पद सेक्टर दाखवतात आणि ते वाढत असतील तर डिस्क बदलावी. १९९ वाढत असेल तर दोष बहुधा साटा केबलचा, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या केबलचा, असतो, तेव्हा आधी केबल बदलून पाहावी, कारण चांगली डिस्क उगाच फेकली जाण्याचे हे नेहमीचे कारण आहे. एनव्हीएमई डिस्कमध्ये (वेगवान प्रकारच्या एसएसडीमध्ये) किती टक्के आयुष्य वापरले, राखीव जागा किती उरली आणि डेटाच्या चुका किती झाल्या, या तीन नोंदी पुरतात.

बायोसच्या हार्डवेअर मॉनिटरमध्ये १२ व्होल्टच्या ओळीवर ११.४ ते १२.६ या दरम्यानचा आकडा असावा. मात्र बायोसच्या पडद्यावर यंत्र जवळजवळ रिकामे असते, त्यामुळे तिथे योग्य दिसणारा एसएमपीएस रेंडरिंगच्या भाराखाली कोसळू शकतो. सुरुवातीच्या तपासणीची मर्यादा इथे दिसते. थंड यंत्रावर, भार नसताना घेतलेली चाचणी उत्तीर्ण झाली, तर त्याचा अर्थ त्या वेळी, त्या स्थितीत दोष दिसला नाही एवढाच होतो. दुपारी तासभर काम केल्यावरच यंत्र बंद पडत असेल, तर ते गरम असतानाच लगेच रीस्टार्ट करून निदानसाधन चालवावे.

नोंद आणि परत मांडणी

प्रत्येक यंत्रासाठी वहीत एक पान ठेवावे. त्यावर तारीख, तक्रार वापरकर्त्याच्या शब्दांत, दिव्यांचा संकेत, सांकेतिक क्रमांक, बायोसची आवृत्ती, कोणती चाचणी किती वेळ चालवली आणि काय बदलले, हे लिहावे. यंत्र सुस्थितीत असताना एकदा सविस्तर चाचणी घेऊन त्याचे तापमान, पंख्यांचे वेग आणि डिस्कच्या नोंदी टिपून ठेवल्या असतील, तर बिघाडाच्या दिवशी तुलना करायला आधार मिळतो.

काम संपल्यावर बदललेली प्रत्येक मांडणी उलट क्रमाने पूर्ववत करावी. एक्सएमपी किंवा एक्स्पो वापरात ठेवायचे असेल तर ते परत चालू करावे, सिक्युअर बूट चालू करावे, बूटचा क्रम तपासावा, घड्याळ बरोबर आहे का ते पाहावे आणि विंडोजमध्ये जाऊन बिटलॉकर पुन्हा सुरू करावे. घड्याळ मागे पडलेले असेल तर सीआर२०३२ ही ३ व्होल्टची बॅटरी बदलावी. मग झाकण लावून, सुरुवातीला घेतलेल्या फोटोप्रमाणे सगळ्या केबल जोडून, यंत्र त्याच्या नेहमीच्या जागी, नेहमीच्या सॉकेटवर दोनदा पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे आणि त्यानंतरच ते वापरणाऱ्याच्या ताब्यात द्यावे.